हवा भरत नाही? कॉम्प्रेसर खोलण्याआधी हे बघा

जड गाड्यांच्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या कामाला लागलात की लवकरच कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "हवा भरत नाही, कॉम्प्रेसर गेलाय." यातला पहिला भाग चालकाने गेजच्या काट्यावर पाहिलेला असतो. दुसरा भाग त्याचा अंदाज असतो. नवा मेकॅनिक दोन्ही खरं मानतो आणि पान्हा घेऊन थेट कॉम्प्रेसरपाशी, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या हवेच्या पंपापाशी जातो. मी शिकायला आलेल्यांना आधी एकच प्रश्न विचारायला लावतो: हवा बनत नाही, की बनलेली टिकत नाही?

याचं उत्तर घड्याळ आणि गेज मिळून देतात. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, टाक्या पूर्ण भरू द्या. कट-आउटला, म्हणजे दाब पुरेसा होऊन भरणं थांबतं तेव्हा, ड्रायरमधून (हवेतला ओलावा काढणारा डबा) "फस्स" असा आवाज येईल. आता इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा आणि काट्याकडे मिनिटभर बघत बसा. सुट्या ट्रकमध्ये मिनिटाला २ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि ट्रेलर जोडलेला असेल तर ३ पीएसआयपेक्षा जास्त घट नको. मग पेडल दाबून धरा. सुरुवातीची घट सोडून पुढच्या मिनिटात अनुक्रमे ३ आणि ४ पीएसआयपर्यंत चालतं. हे आकडे अमेरिकेत चालकांना शिकवतात, पण पहिला अंदाज घ्यायला कुठेही उपयोगी पडतात. काटा झरझर उतरला तर साबणाचं पाणी घ्या आणि जोड, नळ्या, ब्रेक चेंबर (हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारे डबे), ड्रायरचं तोंड तपासा. पेडल दाबल्यावरच गळत असेल तर चेंबरमधल्या रबरी पडद्यावर (डायफ्राम) किंवा पेडलच्या फूट व्हॉल्व्हवर संशय धरा. यातल्या कशाचाही दोष कॉम्प्रेसरकडे जात नाही.

काटा जागेवर राहतो, पण भरायलाच वेळ लागतो, तेव्हा कॉम्प्रेसरकडे वळा. दुहेरी सर्किटच्या, म्हणजे ब्रेकच्या हवेचे दोन वेगळे मार्ग असलेल्या गाडीत इंजिन कामाच्या वेगावर असताना ८५ वरून १०० पीएसआयला ४५ सेकंदांत पोचावं, असा एक जुना मापदंड आहे. कट-आउटचा दाब मात्र गाडीप्रमाणे बदलतो, साधारण ८ ते १२ बारच्या दरम्यान (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय). तो त्या गाडीच्या पुस्तकातच बघा. शेजारच्या गाडीच्या आकड्यावरून गव्हर्नर (कट-आउटचा दाब ठरवणारा भाग) फिरवणारे लोक मी पाहिलेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

या टप्प्यावरही लगेच कॉम्प्रेसरचं हेड उघडायचं नाही. आधी सक्शन, म्हणजे हवा आत घेण्याची वाट बघा. फिल्टर चोंदला असेल किंवा सक्शनची रबरी नळी आतून चिकटली असेल, तर कॉम्प्रेसरला हवाच मिळत नाही. वर पिस्टनपाशी ओढ वाढते आणि खालच्या क्रँककेसमधलं तेल पिस्टनच्या रिंगांवरून वर खेचलं जातं. म्हणजे हवा कमी आणि टाकीत तेल, अशा दोन्ही तक्रारी एकाच नळीमुळे.

मग डिस्चार्ज पाइप, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबलेली हवा बाहेर नेणारा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच. एका गाडीचा कॉम्प्रेसर दुसऱ्या गॅरेजमध्ये बदलून झाला होता, तरी तो तेल फेकतच होता आणि त्याच्या हेडजवळ हात नेववत नव्हता. पाइप काढून आत बघितलं तर कोळशासारखा काळा, कडक कार्बन भिंतींना जमलेला आणि मधे जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट. दाबलेली हवा बाहेर पडायला जागा नाही म्हणून कॉम्प्रेसर तापतो, तापला की तेल जळतं आणि त्याचा कार्बन पुन्हा पाइपातच बसतो. जुना पाइप तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर लावला की तोही याच चक्रात अडकतो. म्हणून कॉम्प्रेसर बदलताना पाइप साफ करत बसू नका, बदलाच.

तेलाबद्दल थोडं. टाकीचा ड्रेन उघडल्यावर किंचित तेलकट पाणी आलं तर घाबरू नका. घट्ट, काळं तेल वाटीभर येत असेल तर कारण शोधायला हवं. झिजलेल्या रिंगा हे एक कारण. पण कॉम्प्रेसरची तेल-परतीची वाट बंद असणं, इंजिनमध्ये ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) वाढलेला असणं, किंवा बाहेर कुठे गळती असल्यामुळे कॉम्प्रेसरला सतत लोडवर, म्हणजे हवा भरत राहावं लागणं, हीही कारणं तितकीच नेहमीची आहेत. तेलाने भिजलेला ड्रायरचा कार्ट्रिज (ओलावा शोषणारा भाग) पुन्हा वापरायचा नाही. तो ओलावा धरत नाही.

ड्रायरमधून इंजिन चालू असताना एकसारखी हवा सुटत असेल तर त्याच्या पर्ज व्हॉल्व्हमध्ये (जिथून "फस्स" होतं तो) कचरा अडकलाय का बघा. थंड प्रदेशात तिथे बर्फही धरतो. ब्रेक न मारताही काही सेकंदांच्या अंतराने कॉम्प्रेसर लोड-अनलोड होत असेल, तर ड्रायरच्या पुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, जो हवा एकाच दिशेने जाऊ देतो, ती मागे सोडत असावा. आणि कूलंट कमी होतंय, बाहेर थेंब दिसत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तेव्हा इंजिनचं हेड उतरवण्याआधी पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्रेसरचं हेड गॅस्केट तपासा. ही चूक फार महागात पडते.

सुरक्षेची बाब मात्र ताणून धरतो. हवा उतरली की पार्किंगचा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, आणि भरली की सुटू शकतो. ठोकळे नसतील तर गाडी घरंगळते. दाब पूर्ण उतरवल्याशिवाय एकही जोड ढिला करायचा नाही. स्प्रिंग ब्रेकचा चेंबर खोलायचा नाही, आतली स्प्रिंग उसळली तर माणूस मरतो.

नवा कॉम्प्रेसर बसवताना तेलाच्या वाटेत आधी स्वच्छ तेल घाला, जुन्या गॅस्केटचे तुकडे परतीच्या वाटेत पडू देऊ नका. काही इंजिनांमध्ये त्याचं टायमिंगही इंजिनच्या फिरण्याशी जुळवावं लागतं, गिअर दडपून बसवायच्या आधी खूण शोधा. टाक्या पूर्ण रिकाम्या करून, जुनं तेल काढून मगच इंजिन चालू करा. नाहीतर चार दिवसांनी ड्रेनमधून आलेलं तेल जुनं की नव्या कॉम्प्रेसरचं, हे कळणार नाही.