परदेशात असताना आजी गेली तर काय काय करायचं

फोन बहुतेक रात्रीच येतो. न्यू जर्सीत उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास मागे, म्हणजे वाईला सकाळचे ७ तेव्हा इथे रात्रीचे ९:३०. पहिल्यांदा डोक्यात तिकीट येतं, पण नेवार्कहून डायरेक्ट फ्लाइट धरली तरी १५ एक तास, पुढे मुंबईहून गाडी, आणि आपल्याकडे तर त्याच दिवशी नेतात, त्यामुळे शेवटचं बघायला पोचणं होत नाही हे लगेच मान्य करून टाका. दहाव्या-तेराव्याला जायचं असेल तर एच-वनवर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनो, आधी पासपोर्टवरचा व्हिसा स्टँप बघा, संपलेला असला तर परत येताना अडकाल. सुट्टीचं म्हणाल तर अमेरिकेत यासाठी रजा द्यायलाच हवी असा फेडरल कायदा नाही, कंपनीच्या पॉलिसीत आजी-आजोबा धरलेत का ते एचआरला विचारा.

व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्यायचं असेल तर फोन आईबाबांना धरायला लावू नका, त्यांना रडायचं असतं हो. शेजारच्या एखाद्या पोराला सांगा. माझ्या वेळी आत्याने धरलेला, अर्धा वेळ मला नुसता छताचा पंखा दिसत होता आणि मागून सगळ्यांचे आवाज.

मग कॉल कट होतो आणि घर एकदम गप्प. आंघोळ करा. आणि जेवा. तिकडे त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात, इथे कोण आणणार, तर एका मैत्रिणीला सरळ फोन करून सांगायचं, "आजी गेली गं, पिठलं-भात घेऊन ये." लाजायचं नाही. माझ्या मैत्रिणीचं पिठलं गुठळ्या गुठळ्यांचं होतं, आजीने नक्की नावं ठेवली असती, मी दोनदा घेतलं.

सुतक किती पाळायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पूजा केली नाही, ऑफिसला मात्र गेले. दक्षिणेकडे वात करून दिवा लावणार असाल तर स्मोक अलार्मच्या खाली नको. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला की मेसेज टाका म्हणून चुलतभावाला सांगून ठेवलेलं, तोवर मी इथे डेकवर भाताचा घास ठेवला तर खार घेऊन पळाली. असो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. आजीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हॉइस नोट्स त्याच आठवड्यात काढून घ्या, चॅट एक्सपोर्ट करताना मीडियासकट करा आणि स्वतःला मेल करून ठेवा, फोन बदलताना नेमकं तेच उडतं. आणि तिचा नंबर रिचार्ज करत राहायला घरी कोणालातरी सांगा, कारण बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. आमच्याकडे ते राहूनच गेलं. एक दिवस ट्रेनमध्ये सहज तिचं चॅट उघडलं तर 'आजी' या नावाशेजारी बाईकवर बसलेला, गॉगल लावलेला एक पोरगा, आणि खाली ऑनलाइन.