तांब्याची पावडर इलेक्ट्रोलिसिसनं काढताय? मग या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे प्लेटिंगवाल्याची, म्हणजे धातूचा मुलामा चढवणाऱ्याची, रेसिपी उचलणं. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत प्लेटिंग करणारी लई हुशार माणसं आहेत पण त्यांना तांबं गुळगुळीत आणि घट्ट बसलेलं पायजे असतं, आपल्याला नेमकं उलटं, बोट फिरवलं की सुटलं पायजे. त्यांच्या बाथमध्ये, म्हणजे ज्या द्रावणातून करंट सोडतात त्यात, लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि करंट बेताचा. पावडरला ४० ग्रॅम बास, सल्फ्युरिक ॲसिड मात्र १५० ग्रॅमच्या घरात, आणि १० बाय १० सेंटीमीटरच्या कॅथोडला (उणे टोकाची पट्टी, पावडर हिच्यावरच धरते) दर बाजूला ८-१० अँपिअर तरी. कॅथोडजवळचं तांबं कमी पडायला लागलं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटायला लागले की मगच फांद्या फुटल्यागत बारीक कण धरतात.

"पहिले दोन दिवस झकास पावडर आली, आता जाड खवले येतायत" ही तक्रार कायमची. कारण साधं आहे, ॲनोडवरून (अधिक टोकाची तांब्याची पट्टी) तांबं पुरेपूर विरघळतं पण कॅथोडवर थोडा करंट हायड्रोजनमध्ये जातो, म्हणून बाथमधलं तांबं हळूहळू वाढत जातं आणि सेटिंग न बदलताही तुम्ही परत प्लेटिंगकडं सरकता. थोडा बाथ काढून तेवढंच ॲसिडचं पाणी घाला, नायतर काही वेळ एखादा ॲनोड शिशाचा लावा. ॲनोडला स्टेनलेस स्टील अजिबात नको, त्यातलं क्रोमियम आणि निकेल बाथमध्ये उतरतं. कॅथोडला मात्र स्टेनलेस चालतं.

कॅथोडवरची पावडर झाडायला आळस करू नका. कण वाढले की पृष्ठभाग वाढतो, तेवढाच करंट पसरतो आणि नवे कण जाड होतात. ब्रश वरचेवर फिरवा.

१ अँपिअरला तासाला जास्तीत जास्त १.१८ ग्रॅम तांबं मिळतं, त्यापेक्षा जास्त भरलं तर पावडर ओली आहे किंवा आत मोरचूद राहिलंय.

धुण्यात तर निम्मी पावडर वाया जाते ओ! ॲसिड राहिलं आणि वरनं कोल्हापूरचा पावसाळा, मग लाल पावडर तपकिरी व्हायला वेळ लागत नाही. नळाचं पाणी नको, बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी घ्या, निळा लिटमस लाल व्हायचा थांबेपर्यंत धुवा, शेवटचं पाणी थोड्या साबणाचं, आणि लगेच मंद उष्णतेवर वाळवून हवाबंद डब्यात.

ॲसिड नेहमी पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हायड्रोजन सुटतो म्हणून खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा काडी नको. आणि वापरलेला बाथ गटारात ओतू नका, ते पाणी शेवटी पंचगंगेतच जातं. पाण्यात कालवलेला चुना घालून तांबं खाली बसवा, तो गाळ वेगळा साठवा आणि घातक कचरा नेणाऱ्यांकडंच द्या.