चित्रपट आणि त्याचा दुसरा भाग यांची तुलना कशी लिहावी : ‘हेलबॉय’च्या निमित्ताने

उदाहरणासाठी गिलेर्मो देल तोरो यांचे ‘हेलबॉय’ (२००४) आणि ‘हेलबॉय २ : द गोल्डन आर्मी’ (२००८) हे दोन चित्रपट घेतो. हेलबॉय हा शिंगे असलेला लाल राक्षस, पण माणसांच्या बाजूने लढणारा नायक. ते लागोपाठच्या दोन दिवशी पाहावेत. एकाच बैठकीत पाहिल्यास तिसऱ्या तासाला थकलेले डोळे दुसऱ्या भागाचे दोष मोजू लागतात.

त्यानंतर काय तेच राहिले आणि काय बदलले, याची अर्ध्या पानाची नोंद करावी. दिग्दर्शक, छायालेखक गिलेर्मो नवारो आणि नायक रॉन पर्लमन दोन्हीकडे तेच आहेत. चित्रीकरण मात्र प्रागहून बुडापेस्टला गेले आणि संगीत मार्को बेल्ट्रामी यांच्याकडून डॅनी एल्फमन यांच्याकडे आले. हेलबॉयचा जलचर सहकारी एब सेपियन याचे शरीर दोन्ही वेळा डग जोन्स यांचेच आहे, पण पहिल्या भागात आवाज डेव्हिड हाइड पियर्स यांचा आहे. ही नोंद लेखाच्या एका परिच्छेदात संपवावी.

खरी अडचण यापुढे आहे आणि मी तिच्यात दोनदा फसलो आहे. पहिल्या वेळी मी तीन पाने पहिल्या चित्रपटावर, तीन पाने दुसऱ्यावर आणि शेवटी ‘एकंदरीत’ने सुरू होणारा एक परिच्छेद लिहिला. पुण्यातल्या एका संपादकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहून लेख परत केला : ‘ही दोन परीक्षणे झाली, तुलना कुठे आहे?’ त्यांचे म्हणणे योग्य होते. दुसऱ्या वेळी मी खलनायक, प्रेमकथा, रंगभूषा, संगीत असे रकाने आखून प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि तो मला चुकीचा वाटतो. पहिल्या भागातला रास्पुतिन आणि दुसऱ्यातला राजपुत्र नुआडा हे दोघे ‘खलनायक’ या रकान्यात शेजारी बसले, तरी त्यांच्यात मोजण्याजोगे साम्य निर्माण होत नाही. एकाला जगाच्या विनाशाचे दार उघडायचे आहे, तर दुसरा माणसांनी हुसकावलेल्या आपल्या जमातीच्या अस्तित्वासाठी उठला आहे. त्यांना गुण कोणत्या मापाने द्यायचे?

रकाने सोडून द्यावेत आणि दोन्ही चित्रपटांत पात्राच्या हातून जवळजवळ तीच कृती घडते असे एक-एक दृश्य शोधावे. हा शोध वेळखाऊ आहे. मला तो जुलैतल्या एका पावसाळी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या घरी लागला, आणि तोही माझा नव्हे. दुसरा भाग चौथ्यांदा पाहत असताना शेजारी बसलेली भाची म्हणाली, “मामा, मागच्या वेळी याच्या हातात मांजराची पिल्लं होती ना?”

तिचे निरीक्षण अचूक होते. पहिल्या भागात हेलबॉय भुयारी रेल्वेच्या स्थानकात सॅमेल या राक्षसाशी झुंजताना पिल्लांचे खोके सांभाळतो. दुसऱ्या भागात तो भर रस्त्यात उगवलेल्या अजस्र वनदेवतेशी लढताना एका हातात तान्हे बाळ आणि दुसऱ्या हातात बंदूक धरतो. दोन्हीकडे तोच दांडगा देह आहे आणि तसाच नाजूक जीव जपणे आहे. मात्र समोर कोण आहे ते पाहावे. सॅमेल एक मेला की दोन जन्मतात, त्यामुळे त्याला मारण्याचे ओझे ना नायकावर येते ना आपल्यावर. वनदेवता मात्र आपल्या जातीची शेवटची आहे, तुझ्यासारखीच आहे, हे नुआडा गोळी सुटण्याआधीच त्याला सांगतो. हेलबॉय घुटमळतो आणि तरीही गोळी झाडतो. ती कोसळते तिथे मोटारींवर, डांबरावर हिरवळ पसरते, एक फूल उमलते. आणि ज्यांचे बाळ वाचवले तेच लोक त्याच्यावर ओरडू लागतात. पहिल्या भागात मारणे हे काम होते, दुसऱ्यात ते नुकसान झाले. माझ्या मते या मालिकेतला सर्वांत मोठा बदल हाच आहे आणि तो कोणत्याही रकान्यात बसत नाही.

अशी जोडी सापडली की ती सर्वत्र ताणण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. त्याऐवजी दुसरी एक जोडी शोधून पहिली टिकते का ते तपासावे. पहिल्या भागाच्या शेवटी हेलबॉय आपली प्रेयसी लिझ हिच्यासाठी जग पणाला लावतो, पण ऐनवेळी थांबून स्वतःची शिंगे मोडतो. दुसऱ्या भागात मृत्युदूतापुढे तीच निवड, प्रिय माणूस की जग, लिझसमोर येते, आणि ती थांबत नाही. इथेही दुसऱ्या भागात वाचवण्यासोबत नुकसान येते, म्हणजे पहिली जोडी टिकली. दुसरी जोडी उलट दिशेला गेली असती, तर तसेच लिहावे लागले असते.

बाहेरची कारणे यानंतर द्यावीत. मधल्या काळात, २००६ साली, देल तोरो यांचा ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ आला, त्यातही नवारो आणि जोन्स होते, म्हणून दुसरा भाग परीकथेकडे झुकला, हे म्हणणे पटण्यासारखे आहे. परंतु लेखाची सुरुवात त्याने केली की वाचक दृश्यांकडे पाहतच नाही.

लेख जोडीपासून सुरू करावा. कथासार चार ओळींत आटोपावे.

लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संपल्यावर रेंगाळणाऱ्या घोळक्यात ‘पण चांगला कुठला?’ हे विचारणारे कोणीतरी असतेच. त्यांच्यासाठी एक वाक्य राखून ठेवावे. माझे उत्तर दुसरा भाग असे आहे, अर्थात त्यातल्या योहान क्राउस या नव्या सहकाऱ्याचे विनोद वगळून.

पाठवण्यापूर्वी लेख एकदा मोठ्याने वाचावा आणि ‘एकंदरीत’ दिसेल तिथे त्या शब्दासकट परिच्छेद खोडावा.