जीडीजीच्या जनरेशन्स क्रमाने वाचायच्या आहेत? या चुका टाळा

जीडीजी म्हणजे मेनफ्रेमवर एकाच नावाखाली क्रमाने साठत जाणाऱ्या फाइलींचा गट; त्यातली प्रत्येक फाइल ही एक जनरेशन आणि गटाचं सामाईक नाव म्हणजे बेस. डीडीवर, म्हणजे जॉबला फाइल जोडणाऱ्या ओळीवर, जनरेशन नंबर न देता नुसतं बेसचं नाव लिहिलं की सगळ्या जनरेशन्स जोडून एकत्र मिळतात. एवढं कळलं की नवशिके जेसीएल (जॉब चालवण्याच्या सूचना) सबमिट करून मोकळे होतात. आधी कोणती येते, हे बघायला कुणी थांबत नाही. वेगळं काही सांगितलं नसेल तर सर्वांत नवी आधी येते आणि जुनी शेवटी.

एका ठिकाणी ग्राहकांचे पत्ते बदलणारा जॉब असाच लिहिलेला होता. रोज एकच जनरेशन यायची आणि वाचून डिलीट व्हायची, त्यामुळे क्रमाचा प्रश्न कधी आलाच नाही. मग सुट्ट्यांत जॉब होल्डवर राहिला आणि ३ जनरेशन्स साचल्या. होल्ड काढल्यावर रिटर्न कोड ०, म्हणजे चूक नाही, सगळे निर्धास्त. पण त्या दिवसांत ज्यांनी दोनदा पत्ता बदलला होता, त्यांच्या नव्या पत्त्यावर जुना येऊन बसला. पत्रं परत येऊ लागली तेव्हा शोधाशोध सुरू झाली, आणि तोवर इनपुट डिलीट झालेलं होतं.

म्हणून बेस फिफो (जुनी आधी) डिफाइन केलेला असला तरी मी डीडीवर जीडीजीऑर्डर=फिफो लिहितोच. जेसीएल वाचणाऱ्याला क्रम तिथेच दिसला पाहिजे. पण फिफो म्हणजे जनरेशन्सचा क्रम, व्यवहारांचा नव्हे. सोमवारची फाइल कुणी बुधवारी पुन्हा पाठवली तर ती शेवटीच येणार. रेकॉर्डमध्ये वेळ असेल तर ग्राहक क्रमांक आणि वेळ, दोन्हींवर सॉर्ट करा. नुसत्या क्रमांकावर करणार असाल तर सॉर्टला ईक्वल्स हा पर्याय द्या, नाहीतर सारख्या कीच्या रेकॉर्डांचा मूळ क्रम टिकेलच असं नाही.

दुसरा आवडता शॉर्टकट म्हणजे वाचणाऱ्या स्टेपवरच डिस्प=(ओल्ड,डिलीट,कीप), म्हणजे स्टेप नीट संपली तर फाइल डिलीट, अबेंड झाला (मधेच कोसळली) तर कीप. 'अबेंड झाला तर कीप आहेच की!' हे मी फार वेळा ऐकलंय. प्रोग्राम रिटर्न कोड १२ देऊन थांबला तर सिस्टिमच्या लेखी स्टेप नीटच संपली. फाइल गेली. डिलीटची स्टेप वेगळी ठेवा आणि तिला आयएफ लावून आधीचा रिटर्न कोड तपासा.

रीस्टार्टची घाईही तशीच. पहिल्या स्टेपने (+१), म्हणजे नवी जनरेशन, तयार केली आणि दुसरी पडली, तर दुसरीपासून रीस्टार्ट करताना तीच जनरेशन आता (०), म्हणजे सध्याची सर्वांत नवी, असते. आकडे बदलायचा कंटाळा म्हणून पहिल्यापासून जॉब चालवला की तेच व्यवहार दोन जनरेशन्समध्ये बसतात. आधी लिस्टकॅटने जनरेशन्सची यादी बघा, मगच सबमिट करा.

त्याच जॉबमध्ये नवी जनरेशन पुढच्या स्टेपला हवी असेल तर तिथेही (+१)च लिहा. (०) म्हणजे जॉब सुरू होण्याआधीची जुनीच.

जेसीएलमध्ये जी००४७व्ही०० असं एका ठरावीक जनरेशनचं थेट नाव ठेवू नका.

लिमिट (ग्रुपमध्ये किती जनरेशन्स राहाव्यात तो आकडा) बेताची ठेवू नका. बेसवर नोएम्प्टी असेल तर भरल्यावर सर्वांत जुनी, न वाचलेलीसुद्धा, ग्रुपमधून बाहेर पडते. एम्प्टी असेल तर जुन्या सगळ्याच.