मार्केट थंड असताना मुंबईतला फ्लॅट लवकर कसा विकायचा

मार्केट थंड आहे म्हणजे कुणी घरं घेतच नाही असं नसतं, घेतात, पण घेणाऱ्यासमोर त्याच एरियातले बरेच पर्याय असतात आणि जिथे काही अडकेल असं वाटतं तिथून तो सरळ पुढच्या घराकडे जातो. त्यामुळे अशा काळात आधी विकला जातो तो भाव खरा असलेला आणि फाइल पूर्ण असलेला फ्लॅट. रंग, फोटो, जाहिरात सगळं नंतर बघू, आधी कपाटातली फाइल काढा.

बिल्डरपासून तुमच्यापर्यंतची सगळी ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट्स पाहिजेत, ब्रोकर ज्याला चेन म्हणतात ती. प्रत्येकाची रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), स्टॅम्प ड्युटी भरल्याचा पुरावा, तुमच्या नावावर चढलेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बिल्डिंगची ओसी (राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मेंटेनन्सची ताजी बिलं, पार्किंग असेल तर सोसायटीचं अलॉटमेंट लेटर. मधलं एखादं अ‍ॅग्रीमेंट हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार, पेपरात नोटीस, रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी हे आत्ताच उरकून घ्या, पार्टी मिळाल्यावर धावपळ सुरू केली तर तिच्या बँकेत लोन लटकतं आणि पार्टी जाते.

आईवडिलांच्या नावावरचं घर असेल तर जास्त काळजी घ्या. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव लागलं म्हणजे तुम्ही एकटे मालक झालात असं नाही, मृत्युपत्र नसेल तर बाकी वारसांचाही हक्क असतो, त्यांच्याकडून रजिस्टर्ड रिलीज डीड म्हणजे हक्कसोडपत्र घ्या किंवा सगळ्यांनी मिळून विका. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला शेवटी सांगू, ती काय नाही म्हणणारे, असं मनात ठेवून पुढे जाऊ नका, सगळ्यात आधी तिच्याशी बोला, व्यवहारासाठी पण आणि नात्यासाठी पण. म्हाडाचं घर किंवा कलेक्टरच्या जमिनीवरची सोसायटी असेल तर तिथल्या परवानगीला वेळ जातो, त्याची चौकशी पहिल्या आठवड्यातच करा.

आता भाव. समोरच्या विंगमधले काका एक कोटी तीस मागतायत म्हणून आपणही तेवढेच मागायचे, इथेच बहुतेकांचे महिने वाया जातात. मागितलेला भाव आणि झालेला भाव वेगळा असतो. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, तिथे तुमच्या बिल्डिंगमधले रजिस्टर झालेले व्यवहार शोधता येतात, फक्त स्टेशनचं नाव टाकून चालत नाही, महसुली गाव लागतं, म्हणजे गोरेगावला पहाडी गोरेगाव वगैरे, आणि सीटीएस नंबर म्हणजे जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर, तो तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्येच असतो. गेल्या वर्षभरातले व्यवहार काढा, कार्पेट एरियाने (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) भागा, मजला आणि पार्किंग बघून थोडं वरखाली करा आणि त्याच्या जवळपासच जाहिरातीतला आकडा ठेवा. घासाघीस होणारच म्हणून पंधरा-वीस टक्के चढवून ठेवू नका, कारण लोक पोर्टलवर बजेटचा फिल्टर लावून शोधतात, तुमचं घर त्यांना दिसतच नाही, आणि सहा महिने पडून राहिलेल्या लिस्टिंगला लोक विचारतात की यात काहीतरी गडबड आहे का. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमतीच्या आकड्याकडे पण लक्ष असू द्या, त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली अ‍ॅग्रीमेंट केलं तर इन्कम टॅक्स सरकारी किमतीवर लागतो.

भाव ठरल्यावर समोरच्याचे पैसे कुठून येणार हे स्पष्ट विचारा, यात लाजायचं काही नाही. एक कोटीचा फ्लॅट असेल तर बँक जास्तीत जास्त ७५ लाख देते, बाकी २५ लाख त्याचे, वर मुंबईत ६ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ६ लाख, रजिस्ट्रेशनचे ३० हजार आणि ब्रोकरेज. म्हणजे साधारण बत्तीस लाख हातात असलेला माणूस पाहिजे. तो स्वतःचं घर विकून घेणार असेल तर त्याचं घर विकलं गेलंय का ते विचारा, मंदीत सगळ्यात जास्त सौदे याच साखळीत तुटतात. थोडा कमी भाव देणारा पण लोन सँक्शन लेटर हातात असलेला माणूस मी तरी आधी पकडेन. आणि त्याला हे सांगा की घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, एक कोटीवर लाखभर वाचतात, बरेचदा घासाघिशीत अडलेला तेवढाच फरक असतो.

बिल्डरच्या नवीन स्कीमशी तुमची स्पर्धा असते, तिथे मॉड्युलर किचन न् काय काय ऑफर असतात. तुमची बाजू ही की ओसी मिळालेल्या रीसेल फ्लॅटवर जीएसटी नाही, अंडर कन्स्ट्रक्शनवर साधारण ५ टक्के लागतो, आणि हवा-उजेड, पाण्याची वेळ, शेजारी सगळं आजच बघून घेता येतं. हे ब्रोकरला बोलायला सांगा.

घरात मोठा खर्च करू नका. लिकेज मात्र खरंच बंद करा, पोपड्यांवर नुसता रंग मारला तर पावसाळ्यात परत उघडं पडतं आणि तोपर्यंत टोकन (बोलणी पक्की करायला घेतलेली आगाऊ रक्कम) घेतलेलं असेल तर भांडण. बाकी माळा रिकामा करा, बाल्कनीतली अडगळ काढा, फोटो दिवसाउजेडी घ्या. भाडेकरू असेल तर त्याचा लीव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार कधी संपतोय ते आधीच सांगा.

ब्रोकर एरियातले दोन-तीन बस झाले, पण सगळ्यांना एकच भाव सांगा. पितृपक्षात टोकन येत नाही, त्यामुळे गणपतीच्या आधीपासून घर दाखवायला लागा, म्हणजे दसऱ्या-दिवाळीला बोलणी पक्की होतात, तसंच पाडवा-अक्षय्य तृतीयेचं.

तुमच्यावर लोन असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडच्या कागदांची यादी आणून ठेवा, खरेदीदाराची बँक तेच मागते. लोन फिटल्यावर ओरिजिनल कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार भरपाई. सोसायटीची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र बँकेला लागतंच, सेक्रेटरींना आधी भेटा, थकबाकी भरा, आणि फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायला सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही हे लक्षात ठेवा.

टोकन चेकने किंवा ऑनलाइन घ्या, कॅश नको, आणि अ‍ॅग्रीमेंट कधी, लोन किती दिवसांत, नाही झालं तर टोकनचं काय हे लिहून घ्या. ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात खरेदीदार तुमच्या पैशांतून १ टक्का टीडीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापतो, तो तुमच्या पॅनवर दिसतोय ना बघा. विकणारा परदेशात राहत असेल तर टीडीएस खूप जास्त कापला जातो, त्यासाठी कमी दराचं सर्टिफिकेट आधी काढावं लागतं आणि वेळ लागतो. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स आहे, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इथे राहणाऱ्यांना इंडेक्सेशन (महागाईनुसार वाढवलेली खरेदी किंमत) धरून २० टक्क्यांचा हिशोबही करता येतो, सीएकडून दोन्ही काढून घ्या.

आणि खरेदीदाराच्या बँकेचा शेवटचा हप्ता तुमच्या खात्यात जमा झाल्याशिवाय चावी देऊ नका, सामान ठेवायचंय, पूजा घालायचीय, नुसतं रंगकाम करायचंय, कितीही गोड बोलून मागितली तरी.