लाडका डेक घेऊन स्पर्धेत उतरताना

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या मोठ्या स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्या खेळाडूला बहुधा एकच सल्ला मिळतो, की सध्या जे डेक (खेळाडूने स्वतः निवडून जमवलेले कार्डांचे गठ्ठे) सर्वाधिक जिंकत आहेत त्यांपैकी एखादा उचलावा आणि स्वतःची आवडनिवड घरी ठेवावी. सल्ला चुकीचा नाही. परंतु नागपुरात मॉडर्न हा या खेळाचा स्पर्धा-प्रकार खेळणारे मोजकेच आहेत, बरीचशी कार्डे बाहेरून मागवावी लागतात आणि एक डेक पूर्ण जमवण्यातच महिने जातात. अशा ठिकाणी दर हंगामाला डेक बदलणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते. शिवाय एकच डेक वर्षानुवर्षे खेळलेल्या माणसाजवळ जी जाण साठलेली असते, तिची किंमत हा सल्ला देणारे फार कमी लावतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पेनमधील बिल्बाओ येथे झालेली प्रो टूर ही वरच्या पातळीची स्पर्धा अर्जेंटिनाचे लुईस साल्वात्तो यांनी लँटर्न कंट्रोल या डेकने जिंकली. समोरच्याच्या गठ्ठ्यातील सर्वांत वरचे कार्ड उघडे ठेवायचे, ते त्याच्या कामाचे दिसले तर त्याच्या हाती लागण्यापूर्वीच फेकून द्यायला लावायचे, आणि असे करत त्याला हळूहळू निरुपाय करायचे, ही त्या डेकची पद्धत आहे. तो आठवड्याभराच्या ओळखीवर चालवता येत नाही.

तरीही डेक आवडता आहे एवढ्या भांडवलावर स्पर्धा निघत नाही. आपल्याला त्याचे चांगले डाव आठवतात आणि स्पर्धेत मात्र बहुतेक वेळा साधे किंवा वाईट डाव वाट्याला येतात. म्हणून सगळी तयारी त्या साध्या आणि वाईट डावांसाठीच करावी, असे माझे ठाम मत आहे. माझा स्वतःचा डेक मॉडर्नमधील मर्फोकचा, म्हणजे जलमानवांच्या कार्डांचा, असल्यामुळे पुढची उदाहरणे त्यातलीच आहेत. पद्धत मात्र कोणत्याही डेकला लावता येईल.

पहिले काम म्हणजे डेक आज नियमात बसतो का, हे तपासणे. जुन्या डेकच्या बाबतीत ही पायरी वगळू नये, कारण बंदीची यादी वेळोवेळी बदलते. लँटर्न कंट्रोलचा आधार असलेल्या मॉक्स ओपल या कार्डावर जानेवारी २०२० मध्ये मॉडर्नमध्ये बंदी आली आणि ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली; स्प्लिंटर ट्विन या कार्डावरची जानेवारी २०१६ पासूनची बंदीही त्याच वेळी उठली. नाव नोंदवण्यापूर्वी अधिकृत यादी एकदा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पाहावी.

यानंतर कागद-पेन्सिल घेऊन डेकचे गणित मांडावे. मर्फोकमध्ये सर्वांच्या आठवणीत राहतो तो पहिल्याच टर्नला (पाळीला) ईथर व्हायल हे कार्ड आलेला डाव. व्हायलवर दर टर्नला एक काउंटर (मोजणीची खूण) चढवता येतो आणि जितके काउंटर असतील तितक्याच माना-किमतीचे (माना म्हणजे कार्ड खेळण्यासाठी लागणारी शक्ती) क्रीचर, म्हणजे लढणारे कार्ड, हातातून फुकट मैदानात आणता येते. ते कास्ट केलेले, म्हणजे माना मोजून खेळलेले, नसल्यामुळे समोरच्याचे काउंटरस्पेल (खेळलेले कार्ड रद्द करणारे कार्ड) तिथे चालत नाही. आता ६० कार्डांत व्हायलच्या ४ प्रती असतील, तर सुरुवातीच्या ७ कार्डांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. याचा अर्थ पाचांपैकी तीन हातांत ती नसते. स्पर्धेला तुम्ही जो डेक नेत आहात तो मुख्यतः व्हायल नसलेला मर्फोक आहे, आणि सरावाचा मोठा भाग त्याच स्थितीत झाला पाहिजे. त्यासाठी काही डाव व्हायल मुद्दाम बाजूला काढून, तिच्या जागी दुसरी कार्डे घालून खेळावेत. हे डाव कंटाळवाणे वाटतात, हरायलाही होते. पण दोन मानांवर कोणते क्रीचर आधी उतरवायचे आणि कोणते राखायचे, हे त्यांतूनच कळते.

माना देणाऱ्या कार्डांचे, म्हणजे लँडचेही तसेच आहे. २० लँडच्या डेकमध्ये सुरुवातीच्या सात कार्डांत एकही लँड नसण्याची किंवा फक्त एकच असण्याची शक्यता जवळपास २५ टक्के असते. म्हणून कोणता हात ठेवायचा आणि कोणता परत करायचा याचा निर्णय घरीच, शांतपणे करून ठेवावा. एक लँड, एक व्हायल आणि पाच मर्फोक असा हात घ्या. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर खेळत असाल तर दुसऱ्या टर्नपर्यंत दोन कार्डे ओढायला मिळतात आणि दुसरी लँड येण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के असते. आधी खेळत असाल तर एकच कार्ड मिळते आणि हीच शक्यता ३६ टक्क्यांवर येते. हात तोच, पण उत्तर वेगळे असू शकते. २०१९ पासूनच्या मलिगनच्या (हात परत करून नवा घेण्याच्या) नियमानुसार दर वेळी पूर्ण ७ कार्डे ओढून, जितके मलिगन घेतले तितकी कार्डे गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायची असतात. त्यामुळे सहा कार्डांचा हात पूर्वीइतका भीतीदायक राहिलेला नाही, आणि ज्यांचा डेक एखाद्या विशिष्ट कार्डावर अवलंबून आहे त्यांनी तर तो बिनदिक्कत घ्यावा.

डेकची जाण म्हणजे नेमके काय, हेही एका उदाहरणाने सांगतो. लॉर्ड ऑफ अटलांटिस हे कार्ड मैदानावरच्या इतर सर्व मर्फोकना +१/+१ देते आणि समोरच्याकडे आयलंड (लँडचा एक प्रकार) असेल तर त्यांना ब्लॉक करता, म्हणजे अडवता, येत नाही अशी चालही देते. व्हायलवर दोन काउंटर असताना हा लॉर्ड हल्ल्याच्या मध्यात आणता येतो. मात्र नेमका केव्हा आणायचा हे समोरच्याच्या लँडवर ठरते. त्याच्याकडे आयलंड असेल तर ब्लॉक जाहीर होण्यापूर्वी आणावा, म्हणजे एकही मर्फोक अडवता येणार नाही. आयलंड नसेल तर ब्लॉक जाहीर होईपर्यंत थांबावे, आणि मग लॉर्ड आणून त्याने चुकीच्या हिशोबाने लावलेले ब्लॉक मोडावेत. स्प्रेडिंग सीज हे कार्ड लावून त्याच्या एखाद्या लँडचे आयलंड केले असेल तर हा सगळा विचार पुन्हा उलटतो. समोर दुसरा मर्फोक खेळाडू बसला असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: लॉर्ड ऑफ अटलांटिस त्याच्याही मर्फोकना बळ देतो, मास्टर ऑफ द पर्ल ट्रायडंट हा दुसरा लॉर्ड फक्त तुमच्याच. व्हायल दोनवर थांबवायची की तीनवर न्यायची, हा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येक डावात येतो आणि त्याचे उत्तर हातातल्या कार्डांपेक्षा पुढच्या दोन टर्नला काय लागेल यावर अवलंबून असते. अशा निर्णयांना नवख्या खेळाडूला मिनिटभर लागते आणि तुम्हाला क्षणभर. आवडता डेक नेण्याचा खरा फायदा इथे आहे. तुमच्या डेकमधील असे चार-पाच निर्णय ओळखून ते आधीच लिहून काढावेत.

साइडबोर्डकडे, म्हणजे एकाच मॅचच्या दोन गेमच्या मध्ये अदलाबदलीसाठी ठेवलेल्या १५ कार्डांकडे आता वळू, कारण आवडत्या डेकचे खेळाडू सर्वांत जास्त नुकसान तिथे करून घेतात. प्रत्येक डेकला काही प्रतिस्पर्धी जड जातात, आणि आपल्या डेकवर जीव असल्यामुळे ती उणीव कशीही करून बुजवावी असे वाटते. १५ जागांपैकी सहा-सात मग त्याच एका प्रतिस्पर्ध्यासाठी खर्ची पडतात. हिशोबापुरते असे धरा, की एक जड डेक दहा खेळाडूंपैकी एकाकडे आहे आणि त्याच्याविरुद्ध तुम्ही शंभरातल्या २५ मॅच जिंकता. चार कार्डे देऊन तो आकडा ३५ झाला, तरी एकूण शंभर मॅचमध्ये तुमची एकच मॅच वाढली. उलट दहांपैकी तिघांकडे असलेल्या, बरोबरीच्या डेकविरुद्ध त्याच चार कार्डांनी ५० चे ५८ झाले, तर शंभरात दोनांहून अधिक मॅच वाढतात. तेव्हा कोणाविरुद्ध हार पत्करायची हे स्पर्धेला निघण्यापूर्वी ठरवावे. हा निर्णय मनाला लागतो, पण तो न घेता गेलेला खेळाडू सगळ्यांविरुद्ध थोडा थोडा कमकुवत होऊन जातो.

दुसरे असे, की साइडबोर्डमधून आत येणारे प्रत्येक कार्ड मुख्य डेकमधले एक कार्ड बाहेर काढते. लॉर्डची ताकद मैदानावरच्या मर्फोकच्या संख्येत आहे. सहा-सात मर्फोक काढून तिथे उत्तरे भरली, तर लॉर्ड येतो आणि त्याच्या बळाचा लाभ घ्यायला कोणीच नसते. माझ्या मते अशा डेकमध्ये चार, फार तर पाच कार्डांपलीकडे बदल करू नये. कोणत्या डेकविरुद्ध काय आत आणि काय बाहेर, याचा एक छोटा कागद करावा. असा कागद दोन गेमच्या मध्ये पाहण्याची परवानगी असते, चालू गेममध्ये नसते. मॅच संपली की डेक नोंदवलेल्या यादीप्रमाणे पूर्ववत करून, साइडबोर्डची १५ कार्डे मोजूनच पुढच्या टेबलाकडे जावे.

नागपुरातल्या सरावाची एक अडचण वेगळी सांगितली पाहिजे. धरमपेठेत किंवा सदरमध्ये एखाद्या रविवारी जमणाऱ्या मंडळीत सर्वांना सर्वांचे डेक पाठ असतात. तुम्ही पहिली आयलंड ठेवताच समोरचा पुढचे चार टर्न ओळखतो आणि तुम्हीही त्याचे ओळखता, त्यामुळे इथल्या हार-जितीवरून डेकची खरी ताकद कळत नाही. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे डेकची अदलाबदल. मित्राला तुमचा मर्फोक खेळायला द्यावा आणि तुम्ही त्याचा डेक घ्यावा. आपल्या डेकची भीती समोरच्याला नेमकी कधी वाटते आणि कधी अजिबात वाटत नाही, हे टेबलाच्या पलीकडे बसल्यावर दिसते. ज्या डेकचा कोणीच खेळाडू शहरात नाही, त्याची कार्डे कागदावर छापून सरावापुरती वापरावीत. स्पर्धेत मात्र अशी छापील कार्डे चालत नाहीत. मॅजिक ऑनलाइनवर अनोळखी खेळाडूंविरुद्धही मॉडर्न खेळता येते, आणि तिथले निकाल घरच्या मंडळीतल्या निकालांपेक्षा अधिक विश्वासाचे मानावेत.

कार्डांच्या देखभालीत हवामानाचा संबंध येतो आणि विदर्भातल्या खेळाडूंनी तो विशेष लक्षात घ्यावा. फॉइल कार्डाचा चकचकीत थर ओलावा शोषत नाही, खालचा पुठ्ठा शोषतो. त्यामुळे हवेतली आर्द्रता बदलली की कार्ड वाकते. मे महिन्यातल्या नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यातून मुंबईच्या दमट हवेत नेलेली फॉइल कार्डे एका रात्रीत वळू शकतात, आणि गठ्ठ्यात फक्त तीच वाकलेली दिसली तर ती खुणेची (पाठीवरूनच ओळखता येणारी) कार्डे ठरून शिक्षा होते. डेकमध्ये व्हायलच्या चारच प्रती फॉइल असतील, तर धोका सर्वांत जास्त. स्पर्धेसाठी साधी कार्डे वापरावीत हे उत्तम. सर्व ७५ कार्डांना एकाच पाकिटातल्या, अपारदर्शक पाठीच्या नव्या स्लीव्ह (प्लास्टिकची आवरणे) घालाव्यात आणि जास्तीच्या थोड्या सोबत ठेवाव्यात. डेकची यादी कार्डांची पूर्ण नावे लिहून द्यावी, आणि ती पाठवण्यापूर्वी प्रत्यक्ष कार्डांशी ताडून पाहावी. यादीतल्या चुकीपायी एक पूर्ण गेम गमावण्याची वेळ येऊ शकते.

मोठ्या स्पर्धेसाठी मुंबई किंवा पुणे गाठायचे असेल, तर स्पर्धेच्या दिवशी सकाळी पोहोचणारी रात्रीची गाडी घेऊ नये. एक दिवस आधी निघावे आणि डेकचा डबा सामानात न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावा. स्विस पद्धतीत (हरल्यावरही बाद न होता सर्वजण सारखेच राउंड खेळतात) ३३ ते ६४ खेळाडूंना साधारणपणे ६ राउंड होतात, प्रत्येक राउंड ५० मिनिटांचा, आणि त्यापुढे पहिल्या आठांच्या लढती. म्हणजे संपूर्ण दिवस खुर्चीवर जातो. खाण्यासाठी फुटाणे, शेंगदाणे असे कोरडे काही जवळ असावे, कारण तेलकट बोटांनी स्लीव्ह खराब होतात. तर्री पोहे परतीच्या सकाळसाठी राखावेत.

टेबलावर बसल्यावर व्हायलचा काउंटर दर टर्नच्या सुरुवातीला मोठ्याने जाहीर करावा. तो विसरलात तर मागे जाऊन चढवण्याचा हक्क तुम्हाला उरत नाही, ते समोरच्याच्या संमतीवर राहते. शंका आली की हात वर करून जजना (पंचांना) बोलवावे; त्यात समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही, आणि बराच वेळ गेला असेल तर ते वाढीव मिनिटेही देतात. ५० मिनिटे संपल्यावर चालू टर्न पूर्ण होतो आणि त्यानंतर दोघांचे मिळून फक्त ५ टर्न उरतात, म्हणून पहिला गेम लांबत असेल आणि स्थिती स्पष्टपणे हाताबाहेर गेली असेल, तर तो सोडून दुसऱ्याला वेळ ठेवावा. विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण मिळतो. शेवटच्या राउंडमध्ये दोघांनी संमतीने बरोबरी घेणे नियमात बसते, मात्र फासा टाकून विजेता ठरवणे किंवा पैशांचा प्रस्ताव मांडणे यांना सक्त मनाई आहे आणि त्यासाठी कडक शिक्षा होते. गमतीतही असे बोलू नये.

प्रत्येक मॅचनंतर तीन-चार ओळींची नोंद ठेवावी: समोर कोणता डेक होता, आधी कोण खेळले, किती मलिगन झाले, साइडबोर्डमधून आणलेले कोणते कार्ड हातात पडून राहिले. सहा-सात मॅचच्या निकालावरून परतीच्या गाडीत बसल्या बसल्या यादी बदलण्याचा मोह होतो, विशेषतः शेवटची मॅच हरलेली असेल तेव्हा. नोंदीतली शंका घेऊन आधी पुढच्या रविवारी मित्रांसोबत ते डाव पुन्हा मांडावेत, व्हायलसह आणि व्हायलशिवाय, आणि तोवर यादी आहे तशीच ठेवावी.