‘मसान’ मंडळींना दाखवायचा असेल तर

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी सिनेमे दाखवते. नीरज घेवानचा ‘मसान’ (2015) मी मुद्दाम तरुण मुलांसोबत त्यांच्या आईवडिलांनाही बसवून दाखवते.

आधी कथा सांगू नका. बनारस, घाट, दोन वेगळ्या प्रेमकथा, एवढंच पुरे. बनारसी बोली पटकन कळत नाही, म्हणून सबटायटल्स लावाच.

सुरुवातीचा हॉटेलातला पोलिसी छापा बघताना लोक अवघडतात. तिथे थांबवू नका. छाप्यात सापडलेल्या देवी या तरुणीला लाज वाटावी म्हणून सगळं गाव टपलेलं असतं आणि ती मान खाली घालत नाही. ऋचा चढ्ढाचा तो ताठपणा लोकांना सलग बघू द्या.

दीपक डोम समाजातला, घाटावर चिता पेटवणाऱ्या घरातला, आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा. शालू वरच्या जातीची, शायरीवेडी. दुर्गापूजेच्या मेळ्यात त्यांचे लाल फुगे आकाशात जातात तेव्हा आवाज थोडा वाढवा. नंतर एक अंगठी येते. तिच्याबद्दल कुणी आधी बोललं तर त्याला तिथेच गप्प करा! दीपक झालेल्या विकी कौशलचा त्यानंतरचा आक्रोश कुणालाही तयारीने बघता येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

संपल्यावर चहा द्या, मगच चर्चा. ‘आवडला का’ विचारू नका. ‘दीपक तुमच्या मुलीचा हात मागायला आला असता तर?’ असं विचारा, आणि आधी आईवडिलांना बोलू द्या.